आमची वाटचाल : कार्यालयांचे युनिट वाचवण्याचा धंदा

2006 साली आम्ही नाशिकच्या सातपूरमध्ये एक गाळा भाड्याने घेऊन इन्व्हर्टर बसवण्याचे काम सुरू केले, तेव्हा पर्यावरण हा शब्द आमच्या दरपत्रकात कुठेही नव्हता. भारनियमनाचे ते दिवस होते आणि प्रत्येक कार्यालयाला मोठ्यात मोठा इन्व्हर्टर हवा होता. शरणपूर रोडवरील एका चार्टर्ड अकाउंटंट साहेबांनीही तशीच मागणी केली. त्यांच्या कार्यालयात वीस ट्यूबलाइट होत्या, त्याही जाड नळीच्या, चाळीस वॅटच्या आणि तांब्याच्या चोकवर चालणाऱ्या. चोक धरून एक पट्टी, म्हणजे ट्यूबसह फिटिंग, 55 वॅटच्या घरात जाते आणि कॅपॅसिटर नसेल तर तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग, अर्ध्याच्या आसपास असतो, हे या धंद्यातल्या वाचकांना सांगायला नको. फेजच्या तारेवर टाँग टेस्टर, म्हणजे तार न तोडता प्रवाह मोजणारा चिमटा, लावून आम्ही त्यांना अँपिअरचा आकडा दाखवला आणि इन्व्हर्टर वाढवण्याऐवजी पट्ट्या बदला, असे सुचवले. 28 वॅटची बारीक नळीची टी-फाइव्ह ट्यूब इलेक्ट्रॉनिक बॅलास्टसह (चोकसह) साधारण 30 वॅट घेते. आमचे इन्व्हर्टरचे बिल लहान झाले, परंतु कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

साहेबांनी त्या दिवसापासून मीटरचे रीडिंग एका वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली. कार्यालय उघडताना एक आकडा आणि बंद करताना एक, शिवाय शेरा : ‘लेखापरीक्षण, रात्री नऊपर्यंत’, ‘वीज नव्हती’, ‘दोन मशीन रात्रभर चालू राहिली’. त्या वहीमुळेच पुढे आम्हाला कळले की रात्री बंद करतानाचा आकडा आणि दुसऱ्या सकाळी उघडतानाचा आकडा जुळत नाहीत, म्हणजे रिकामे कार्यालयही वीज खाते. ती वीज वॉटर कूलर, झेरॉक्स यंत्र आणि बंद न केलेले संगणक घेत होते. हिशेब साधा आहे. एका पट्टीमागे 25 वॅट वाचले, नऊ तास आणि वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले, तर 67 युनिट वाचतात. आपल्या देशातील विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एका पट्टीमागे वर्षाला 47 किलो. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी ज्यांना रोज दिसतात, त्यांना याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही. प्रवेशद्वारात कुंड्या मांडून आणि ‘झाडे लावा’चा फलक टांगून आपले कार्यालय हरित झाल्याचे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांना आधी मीटरची खोली दाखवा म्हणतो.

पुढची बारा-तेरा वर्षे काम मिळत गेले. एलईडी आल्या, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर नव्या इमारती उभ्या राहिल्या, माणसे वाढली. त्यात विशेष सांगण्यासारखे काही नाही.

सांगण्यासारखे आहे ते 2019 च्या अखेरीस घेतलेले काम. अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या प्रशासकीय इमारतीचे सगळे दिवे, वातानुकूलनाची नियंत्रणे आणि पॅनेलमधील दुरुस्त्या आम्ही आमच्या खर्चाने करायच्या आणि होणाऱ्या बचतीतील ठरलेला हिस्सा तीन वर्षे घ्यायचा, असा करार झाला. बचत कशी मोजायची हे करारात स्पष्ट होते : जुन्या आणि नव्या दिव्यांच्या वॅटमधील फरक, गुणिले आवर मीटरवर (दिवे किती तास लागले ते मोजणाऱ्या मीटरवर) नोंदलेले तास. वातानुकूलन यंत्रांना वेगळा सबमीटर होता. कामाच्या वेळेत बदल झाल्यास हिशेबाचा पाया दोन्ही पक्षांनी मिळून बदलायचा, असेही कलम होते. बँकेकडून कर्ज काढून आम्ही माल भरला. पहिले हप्ते वेळेवर आले.

मग मार्च 2020 आला. इमारत बंद होती त्या महिन्यांचा हिस्सा आम्ही मागितलाच नाही, कारण दिवेच लागले नव्हते. परंतु पावसाळ्यात निम्मे कर्मचारी परतले, आवर मीटर फिरू लागले आणि आम्ही बिल पाठवले, तेव्हा उत्तर आले की विजेचे बिल कमी झाले ते टाळेबंदीमुळे, त्यात तुमचे काय? आम्ही आवर मीटरचे फोटो, सबमीटरच्या नोंदी आणि करारातील कलम पाठवले. पुढच्या वर्षी सगळे कर्मचारी परतल्यावर वीजबिल अर्थातच वाढले. या वेळी आम्हाला विचारण्यात आले की बिल वाढलेले असताना बचत कुठे आहे! तुलना रिकाम्या इमारतीच्या बिलाशी केलेली होती. आकडेमोड येणारी माणसे जेव्हा असा प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर नको असते.

रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत दिली होती, पण व्याज थांबले नव्हते. तारणाशिवाय मिळणारे आपत्कालीन कर्ज घेऊन आम्ही पगार केले. दोन वायरमन सोडून गेले. त्यांना आम्ही दोष देत नाही. त्याच काळात एका स्पर्धकाने त्या इमारतीच्या देखभालीचे काम आमच्या निम्म्या दराने घेतले आणि बंद पडलेल्या पट्ट्यांच्या जागी स्वस्त पट्ट्या घातल्या. वॅटचा आकडा खोक्यावर बरोबर छापलेला होता. परंतु अशा पट्टीतल्या स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाचा) पॉवर फॅक्टर कमी असतो आणि तिन्ही फेजवरील तिसरे हार्मोनिक, म्हणजे मूळच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह, एकमेकांना खोडत नाहीत, ते न्यूट्रलमध्ये (परतीच्या तारेत) एकत्र येऊन ती तापवतात. काही महिन्यांनी एका मजल्याच्या डीबीमध्ये (वीजवाटपाच्या पेटीत) न्यूट्रलच्या तारा जोडण्याची पट्टी काळी पडली आणि त्याचा ठपका आमच्या मूळ कामावर ठेवण्यात आला. आमच्या वायरमनने असे बिघडलेले प्रवाहही अचूक मोजणारा ट्रू आरएमएस क्लँप मीटर न्यूट्रलवर लावून त्यांच्याच व्यवस्थापकासमोर आकडा दाखवला. टेबलाच्या उंचीवर प्रकाश मोजणारा लक्स मीटर ठेवला, तर जिथे आम्ही 400 लक्स देऊन आलो होतो तिथे 200 सुद्धा मिळत नव्हते. कार्यालयातल्या टेबलावर किमान 300 लक्स हवेत. बचत म्हणजे माणसांना अंधारात बसवणे नव्हे.

या सगळ्यात सीए साहेब आमच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी आमच्या नोंदी त्यांच्या वहीच्या पद्धतीने तासवार मांडल्या, प्रत्येक महिन्याचे येणे काढून दिले आणि त्याचे शुल्क घेतले नाही. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत न देणाऱ्या खरेदीदाराला बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, ही 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यातील तरतूद त्यांनीच दाखवली. अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे आम्ही अर्ज केला. निर्णयापूर्वीच समोरच्या पक्षाने तडजोड केली. मुद्दल बहुतांश मिळाले, व्याज सोडावे लागले, आणि ते का सोडावे लागले याचा राग अजून गेलेला नाही.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना, कोणी विचारले नसले तरी, सांगतो की उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) करारापूर्वी करून घ्या, नंतर केलेली उपयोगी पडेलच असे नाही. सबमीटरचे रीडिंग घेताना गिऱ्हाइकाच्या माणसाची सही त्याच कागदावर घ्या. आणि कार्यालयवाल्यांना सांगायचे तर वातानुकूलन यंत्र 18 वर ठेवल्याने खोली लवकर थंड होत नाही, यंत्र फक्त जास्त वेळ चालते. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी खिडक्या उघडल्या तर यंत्र दुपारपर्यंत लागतच नाही. अट एवढीच की काचेच्या बंद इमारती बांधणाऱ्यांनी उघडणारी खिडकी ठेवलेली असावी. जुने यंत्र भंगारात देताना त्यातील आर-22 हा थंडावा देणारा वायू हवेत सोडू देऊ नका. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 पट तापमानवाढ करतो, म्हणजे किलोभर वायू सोडला तर वर्षभर पट्ट्या बदलून वाचवलेले सगळे वाया जाते. तो सिलिंडरमध्ये ओढून घेणारे यंत्र आमच्याकडे आहे. जुन्या ट्यूबमध्ये पारा असतो, त्यामुळे त्या घंटागाडीत न टाकता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हव्यात. आम्ही काढलेल्या ट्यूब आम्हीच नेऊन देतो आणि पावती गिऱ्हाइकाच्या फायलीला लावतो.

अंबडच्या त्या कंपनीत आता नवे व्यवस्थापक आले आहेत आणि छतावरील सौर पॅनेलसाठी त्यांनी आमच्याकडून दरपत्रक मागवले. आम्ही ते पाठवले आहे. सौर पॅनेलच्या आधी न्यूट्रल आणि पट्ट्या दुरुस्त कराव्या लागतील, निम्मी रक्कम आगाऊ लागेल आणि प्रत्येक मजल्याला सबमीटर बसेल, असे त्यात पहिल्याच पानावर लिहिले आहे.