वाघ्याची पहिली फेरी

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात इंदूरमध्ये कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ मागचा पाय मोडलेलं कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं. नाव वाघ्या. पाय जुळला, पण लंगडणं राहिलंच. त्यामुळे याच्याबरोबर फिरायचं म्हणजे दर दहा पावलांना थांबायचं. चाळीस वर्षं स्कूटरवरून ज्या रस्त्यानं गेलो, तो मी खरा पाहिला तो या थांब्यांमुळे.

छत्र्यांच्या, म्हणजे इंदूरच्या होळकर राजघराण्याच्या दगडी स्मारकांच्या, गार दगडावर तो पसरला की मी कोरीवकाम बघत बसायचो. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव, शिवाजीराव. नावं लहानपणापासून ऐकलेली, पण कोण कुणाचं ते घरी येऊन वाचलं. मग होळकरांचा राजवाडा: सात मजली, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 ची आग आईच्या तोंडून ऐकली होती, एवढंच.

बायको म्हणाली, "एकटेच बडबडता, चार माणसं तरी घ्या सोबत." आज घेतली. अकरा जण आले, सकाळी सात वाजता!

मी 1818 चा इंग्रज-होळकरांचा मंदसोरचा तह आणि इंदूरला आलेली राजधानी यावर रंगात आलो होतो, तेवढ्यात वाघ्यासाहेब पोह्यांच्या गाडीसमोर बसले ते उठेचनात. सगळ्यांनी तिथेच पोहे-जिलेबी खाल्ली. तहाचं राहूनच गेलं.

राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे हे सांगितल्यावर एक आजी वाघ्याला चक्क नमस्कार करून म्हणाल्या, "खंडोबाचाच हा!" होळकरांचं कुलदैवत, आणि त्याच्या पायाशी कुत्रा असतोच. माझ्या तासाभराच्या बोलण्याला असा नमस्कार कुणी केला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा सात वाजता, छत्र्यांपाशी. बिस्किटं आणू नका, डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय. त्याचं.