न विकलेल्या फ्लॅटचा मालक

आमचं ऑफिस बाणेरला. सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. एक तारखेला वाकडच्या एका नव्या सोसायटीचं एकही बिल निघालं नाही. लॉगमध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन, म्हणजे जिथे काहीच नाही (नल) तिथून काहीतरी मागितल्याची एरर, आणि कोडमधला एक लाइन नंबर. त्या लाइनवर फ्लॅट, त्याचा मालक, मालकाचा पत्ता, पत्त्यातला पिनकोड अशी गेटरची, म्हणजे एकातून पुढची माहिती काढणाऱ्या कॉल्सची, आगगाडी. कुठला डबा घसरला ते कळेना. सर्व्हर अजून जावा ८ वर, म्हणजे या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवर. नल नेमकं कुठून आलं ते नावानिशी सांगणारा मेसेज जावा १४ मध्ये आला, १५ पासून तो आपोआप मिळतो.

टीममधली नवी मुलगी म्हणाली, "दादा, फ्लॅट क्लासने मालकाला एक्स्टेंड केलं तर? साखळी कमी होईल."

"फ्लॅट हा माणूस आहे का गं?"

ती हसली. क्लास म्हणजे कोडमधला साचा, आणि एक्स्टेंड करणं म्हणजे 'फ्लॅट हा एक प्रकारचा मालकच' असं म्हणणं. पण फ्लॅटला मालक असतो, म्हणून तो फ्लॅटच्या आत फील्ड, म्हणजे माहितीचा एक रकाना. पण एवढ्यावर भागत नाही. त्या फील्डमध्ये एकच जण असेल, नवरा-बायको दोघं असतील, की कुणीच नसेल? आमच्या कोडने 'एक' गृहीत धरलं होतं.

साखळी तोडून प्रत्येक टप्पा वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेतला. सी विंगच्या काही फ्लॅटना मालकच नव्हता. "नल असेल तर तो फ्लॅट सोडून पुढे जाऊ," ती म्हणाली. बिलं निघाली असती, पण हे फ्लॅट गुपचूप गळले असते आणि तक्रार करायलाही कुणी नव्हतं. मला असल्या इफची भीती एक्सेप्शनपेक्षा जास्त वाटते. सोसायटीच्या खजिनदार काकांना फोन लावला.

"अहो, ते विकले कुठे गेलेत अजून! त्यांचं मेंटेनन्स बिल्डरकडून घ्यायचं ठरलंय."

म्हणजे डेटा बरोबरच होता. मग 'बिल भरणारा' असा इंटरफेस केला, म्हणजे भरणाऱ्याने काय काय द्यायचं याचा कोडमधला करार. मालक आणि बिल्डर या दोन्ही क्लासनी तो इम्प्लिमेंट केला, म्हणजे पाळला. एक्स्टेंडमागचं तिचं डोकं बरोबर चाललं होतं, फक्त त्याची जागा ही होती. आता बिल फ्लॅटला एवढंच विचारतं, तुझं बिल कोण भरणार? मालक नसेल तर बिल्डर, हे फ्लॅट स्वतः ठरवतो. पिनकोडही भरणाऱ्याकडूनच मिळतो.

संध्याकाळी सगळी बिलं गेली. दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसातून काकांना फोन, "ही बिलं चुकून आली का?" काकांनी तो आमच्याकडे वळवला नाही, हे त्यांचे उपकार.