इल ओ एग्रेत: मॉरिशसच्या कोरड्या किनारी जंगलाचा उरलेला तुकडा

मॉरिशसला जाणारी आपली बहुतेक मंडळी गंगा तलाव, शामारेलची रंगीत माती आणि किनारे पाहून परततात. विमानतळापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, माहेबूर गावाच्या समोर समुद्रात एक सपाट हिरवं बेट दिसतं, तिकडे फारसं कोणी वळत नाही. या बेटाचं नाव इल ओ एग्रेत. क्षेत्रफळ साधारण 26 हेक्टर, किनाऱ्यापासून अंतर एक किलोमीटरही नाही. एकेकाळी मॉरिशसच्या सखल किनारपट्टीवर जे कोरडं आबनुसाचं (एबनीचं) जंगल होतं, त्याचा जवळजवळ शेवटचा तुकडा इथे उभा आहे. मॉरिशसमध्ये एकच अर्धा दिवस मोकळा मिळणार असेल, तर तो इथे द्या.

बेटावर आपलं आपण जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. 1965 पासून हे राखीव क्षेत्र आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ही संस्था ते सांभाळते. फेरी आधी नोंदवावी लागते, आणि त्या पैशांतला वाटा याच कामाला लागतो. होडी प्वांत जेरोमच्या धक्क्यावरून सुटते आणि दहा मिनिटांच्या आत पोचते. पुढे दीड-दोन तास वाटाड्यासोबत पायी फिरायचं. सकाळची पहिली फेरी घ्या. ऊन चढलं की पक्षी आणि कासवं दोघंही सावली धरून बसतात.

बाकीचं मॉरिशस ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचं, पण हे बेट प्रवाळाच्या चुनखडकाचं आहे. वर मातीचा पातळ थर, खाली भोकाभोकांचा खडक. पाऊस पडतो आणि सरळ झिरपून जातो. गोड्या पाण्याचा झरा नाही की ओढा नाही. त्यामुळे इथली झाडं ठेंगणी, पानं जाड आणि चिवट. ‘उष्ण कटिबंधातलं जंगल’ म्हटल्यावर आंबोलीसारखं काही डोळ्यांपुढे येत असेल, तर ते बाजूला ठेवून या.

या जंगलाचा राजा म्हणजे आबनूस. त्यातही इथली डायोस्पायरॉस एग्रेटारम ही जात, जिला नावच या बेटावरून मिळालं आहे. आपल्या टेंभुर्णीच्या प्रजातीतलंच हे झाड. डच लोक 1638 मध्ये मॉरिशसला वसले, तेव्हापासून मुख्य बेटावरच्या आबनुसावर कुऱ्हाड चालली. या छोट्या बेटावरचं लाकूड तर सरपणासाठी अगदी 1980 च्या आसपासपर्यंत तुटत होतं. बुंध्यापाशी वाकून पाहिलं की ते कळतं: एका मुळातून चार-पाच बारीक खोडं फुटलेली असतात. मूळ खोड कधीतरी तुटलं आणि झाड पुन्हा फुटून आलं. मनगटाएवढं खोड दाखवून आमची वाटाडी म्हणाली, “हे तुमच्यापेक्षा वयाने मोठं आहे.” आबनूस फारच सावकाश वाढतो.

तोड थांबली तरी उघड्या जागी आबनुसाची नवी रोपं येईनात. फळं मोठी आणि गरदार, ती झाडाखालीच पडून राहत. पूर्वी ही फळं खाऊन बिया दूर नेण्याचं काम मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं करत. त्यांच्या दोन जाती होत्या. खलाशांनी ती मांसासाठी मारली, उंदीर-डुकरांनी अंडी-पिल्लं संपवली, आणि अठराव्या शतकात ती नामशेष झाली. मग 2000 पासून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटांवरची महाकासवं इथे आणून सोडली गेली. परक्या जातीचा प्राणी जंगलात सोडायचा म्हणजे मोठी जोखीम, तेव्हा त्यावर वाद झाला तो रास्तच. पण 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की कासवांनी बिया तोडलेल्या भागांत पसरवल्या आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजल्या. वाटेवर कासवाची विष्ठा दिसली तर थांबा. आम्ही पाहिली तिच्यात चघळलेल्या पानांच्या धाग्यांमध्ये तपकिरी, गुळगुळीत बिया अख्ख्या होत्या. सगळ्या फेरीत मी सर्वांत जास्त वेळ तिथेच उभा राहिलो.

कासवं गेली, तरी झाडांना त्यांची आठवण आहे. काही स्थानिक झाडांच्या रोपट्यांची पानं अरुंद आणि लालसर असतात, आणि कासवाच्या तोंडापासून उंच गेलेल्या फांद्यांवर त्याच झाडाची रुंद हिरवी पानं येतात. शेजारी शेजारी पाहिलं तर एकच झाड आहे यावर विश्वास बसत नाही. चरणाऱ्या कासवांपासूनचा हा बचाव असावा, असं अभ्यासक मानतात. वाटाडे कधी घाईत पुढे निघतात, तेव्हा हे मुद्दाम दाखवायला सांगा.

आता तणांबद्दल. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकांत चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी गावोगाव लावलेली सुबाभूळ इथे जंगलाची वैरी आहे. ती भराभर वाढते, शेंगांमधून ढिगाने बी टाकते, आणि सावकाश वाढणाऱ्या आबनुसाच्या रोपाला ऊन मिळू देत नाही. बेटाचा मोठा भाग हातांनी तण उपटून, तोडून साफ केला आहे. एकदा साफ करून भागत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं. दाट, सुंदर वाटणारा प्रत्येक कोपरा माणसांच्या अशा मेहनतीवर उभा आहे, हे मनात ठेवून चाललं की बेट वेगळंच दिसू लागतं. म्हणून मी सांगेन, बेटावरची स्थानिक झाडांची रोपवाटिका चुकवू नका. बहुतेक जण इथल्या गुलाबी कबुतराचा फोटो काढून पुढे सरकतात.

कबुतर मात्र बघण्यासारखंच आहे. गुलाबी कबुतरं 1990 च्या सुमाराला रानात दहाच्या आसपास उरली होती. पिंजऱ्यात वाढवून, रानात सोडून, दाणा पुरवून ती आता काहीशेंच्या घरात आली आहेत, आणि त्यांची एक वस्ती या बेटावर आहे. लाल डोक्याचा फोडी आणि छोटा ऑलिव्ह चष्मेवाला हे पक्षीही इथे आणून वसवले. 1991 मध्ये बेटावरचे उंदीर संपवले, म्हणूनच हे जमलं. चिचुंद्री मात्र हटलेली नाही. आपल्या घरांत फिरते तीच ही जात, जहाजांतून आशियातून आलेली. मॉरिशसच्या उत्तरेकडच्या राउंड बेटावरून आणलेली टेलफेअर सापसुरळी पायाशी येऊन बिनधास्त बसते. ती दिसली की स्तब्ध उभे राहा, खायला काही टाकू नका.

तणांवरून आठवलेली एक कळकळीची सूचना. होडीत चढण्यापूर्वी बुटांच्या तळव्यांतली माती, मोज्यांना चिकटलेलं बी, पिशवीच्या तळाशी पडलेले खाऊचे कण, सगळं झटकून घ्या. सुबाभळीचं एक बी पुढे कोणाच्या तरी कितीतरी दिवसांच्या कामाची वाट लावतं.

बूट बंद हवेत, कारण प्रवाळाचा खडक धारदार आहे. पाणी, टोपी आणि डासांसाठी मलम सोबत असू द्या. झाडीत डास खूप. मे ते नोव्हेंबर हवा सौम्य असते. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा काळ, तेव्हा फेरी ऐनवेळी रद्द होऊ शकते, म्हणून परतीच्या दिवशीची नोंदणी करू नका. मुंबईहून थेट विमान साधारण सहा तासांचं आहे आणि भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही. मुक्काम माहेबूरलाच करा. सोमवारी तिथे मोठा बाजार भरतो. बोलायला इंग्रजी चालतं, आणि कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशजही या देशात भेटतात. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

माहेबूरला कोणाशी गप्पा मारायला बसलात, तर 2020 च्या तेलगळतीबद्दल विचारा. वाकाशिओ हे जहाज 25 जुलैला प्वांत देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं आणि 6 ऑगस्टपासून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं, अगदी या बेटाच्या दारात. गावकऱ्यांनी कापडात उसाचं पाचट भरून लांबच लांब तरंगते बांध शिवले. बेटावरच्या रोपवाटिकेतली रोपं मुख्य भूमीवर हलवावी लागली.

वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरण शिकणाऱ्यांसाठी आणखी एक: फाउंडेशन दीर्घ मुदतीचे स्वयंसेवक घेतं, पक्ष्यांच्या नोंदींपासून तण काढण्यापर्यंतच्या कामांसाठी. सुट्टीतल्या आठवड्याभरात ते जमत नाही, काही महिने हाताशी लागतात. पण कोयनेला किंवा ताम्हिणीला काम केलेल्या मुलामुलींनी अर्ज जरूर करावा.