सुरतेला जाताय? मग तापीच्या मुखापर्यंत जा

खानदेशात ज्याच्या गणगोतातलं कोणीच सुरतेला नाही असा माणूस विरळाच. कुणाचा भाचा लूमवर आहे, कुणाची बहीण दिंडोलीला दिली आहे, कुणाचा शेजारी हिरे घासतो. लग्न ठरलं की बस्ता बांधायला आपण सुरतच गाठतो. रिंगरोडच्या मार्केटात गठ्ठे बांधायचे, नातेवाइकांकडे जेवायचं आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचं, एवढीच आपली सुरत. ज्या तापीच्या काठावर आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो, ती तिथेच समुद्राला मिळते आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती जागा पाहिलेलीच नसते. याची मला फार दिवसांपासून हळहळ होती. म्हणून यंदा जानेवारीच्या सुरुवातीला माय, बायको आणि मुलांना घेऊन फक्त फिरण्यासाठी सुरतेला गेलो. खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवली.

आम्ही अमळनेरचे. रेल्वेने पाच-साडेपाच तासांत सुरत येतं. जळगाव, धरणगावकडच्यांना आणि दोंडाईचा, नंदुरबारच्या मंडळींनाही हीच लाइन सोयीची. शक्यतो दिवसाची गाडी घ्या, कारण नवापूर ते सोनगड हा टप्पा खिडकीतून बघण्यासारखा आहे. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मुलांना फलाटावरची ती सीमारेषा बघायची होती, गाडी तेवढी थांबली म्हणून बरं. पुढे सोनगडला डोंगरावर गायकवाडांचा किल्ला दिसतो. तिकीट काढताना एक पाहून घ्या: आपल्याकडून जाणाऱ्या काही गाड्या सुरतपर्यंत न जाता अलीकडच्या उधना स्टेशनलाच संपतात. दिंडोली, लिंबायत, उधना या भागात नातेवाईक असतील तर उधनाच जवळ पडतं. लॉजवर उतरणार असाल तर स्टेशनसमोरच्या गोंगाटापेक्षा अडाजण किंवा अठवालाइन्सकडे खोली घ्या. तिथून नदीही जवळ आणि डुमसचा रस्ताही.

आम्ही दिंडोलीला मावसभावाकडे उतरलो. रिक्षातून उतरताच कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मायला विचारलं, “कवय उनात?” म्हणजे आपल्या अहिराणीत ‘कधी आलात?’ तिचा सगळा शीण तिथेच गेला.

पहिला दिवस जुन्या शहराला दिला. चौक बाजारात उतरलं की तापीकाठी सुरतचा किल्ला आहे. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांपासून बंदर वाचवण्यासाठी गुजरातच्या सुलतानाच्या काळात, सोळाव्या शतकात तो बांधला गेला. आता महापालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय केलं आहे. बुरुज, तोफांच्या जागा आणि जुन्या सुरतेचा व्यापार कसा चालायचा हे सगळं नीट मांडलेलं आहे. मराठी माणसाने इथे घाईत फिरू नये. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा शहराचा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. शाळेत दोन ओळींत वाचलेली ही गोष्ट त्या भिंतीआड उभं राहिलं की किती मोठी होती ते कळतं. बाहेर शहर, आत सुभेदार, मध्ये हा दगड. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा आले आणि परतताना बागलाणातून गेले. तेव्हा दिंडोरीजवळ मोगलांशी मोठी लढाई झाली. बागलाण म्हणजे आपल्या धुळ्याच्या उंबऱ्यावरचा मुलूख.

किल्ल्यापासून चालत जाण्यासारखी मुघलसराई. शाहजहानच्या काळात १६४४ च्या सुमारास हज यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली ही इमारत. मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजावर चढायचे. आज तिथे महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे, त्यामुळे बाहेरून आणि चौकातूनच बघा, काम चालू असतं.

रिक्षा करून पुढे कतारगाम दरवाजाकडे इंग्रज आणि डच लोकांची जुनी कबरस्तानं पाहायला गेलो. सुरतेत राहणारेही तिथे क्वचितच जातात, माझा मावसभाऊ तर इतकी वर्षं राहून पहिल्यांदाच आला. माझ्या मते सुरतेतली सगळ्यात विलक्षण जागा हीच. एखाद्या सुलतानाच्या मकबऱ्याला शोभतील असे घुमट आणि खांब, आणि खाली निजलेले ईस्ट इंडिया कंपन्यांचे व्यापारी. त्यातली ऑक्झेंडन बंधूंची कबर दुमजली आहे. त्या दोघांपैकी जॉर्ज ऑक्झेंडन १६६४ च्या स्वारीत इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता, १६६९ मध्ये सुरतेतच वारला. डचांच्या बाजूला व्हान रीडची भव्य कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा प्रचंड ग्रंथ तयार करवून घेणारा हा अधिकारी १६९१ मध्ये गेला. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, पण आत माहिती सांगायला कुणी नसतं, म्हणून आधी थोडं वाचून जा. सकाळी जा, पाणी जवळ ठेवा, आणि कबरींवर मुलांना चढू देऊ नका.

इंग्रजांचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ मध्ये सुरतेजवळच्या सुवाळी बंदरावर उतरला आणि तिथून बुऱ्हाणपूरला गेला. त्याची वाट कुठून होती? नंदुरबार, थाळनेर, चोपडा. सुरत-बुऱ्हाणपूर हा त्या काळचा मोठा व्यापारी मार्ग, आणि तो सगळा आपल्या खानदेशातून जायचा. कापूस, कापड, नीळ याच वाटेने बंदरावर उतरायचं. आज पोरं कामासाठी सुरतेला जातात तेव्हा “परराज्यात गेला” असं आपण म्हणतो, पण ही वाट चारशे वर्षांपूर्वीही वाहती होती.

संध्याकाळी नानपुऱ्यात नावडी ओवाऱ्यावर, म्हणजे तापीच्या घाटावर गेलो. मायने अमळनेरहूनच नारळ आणि खण आणला होता. आमच्या निमच्या कपिलेश्वराजवळ तापी-पांझरेच्या संगमावर ती दर महाशिवरात्रीला जाते, त्याच नदीची ओटी इथे भरायची असं तिच्या मनात होतं. सुरतकरही तापीला आईच मानतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस इथे थाटात साजरा होतो आणि नदीला चुनरी अर्पण करतात. तुम्हाला जमलं तर त्या दिवशी या, फक्त पावसाचा अंदाज पाहून. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता. मावसभाऊ तेव्हा कुटुंबाला घेऊन दोन रात्री गच्चीवर होता. आपल्याकडे तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की आपण “पूर आला आणि गेला” म्हणतो, ते पाणी पुढे उकाईत आणि तिथून या शहराच्या उंबऱ्याशी येतं.

दुसऱ्या दिवशी डुमस. शहरापासून साधारण वीस किलोमीटर, विमानतळाच्या पुढे. सिटीबस जाते, पण परतीची वेळ विचारून ठेवा. सहाजण असाल तर रिक्षापेक्षा गाडी ठरवणं परवडतं. आधीच सांगतो, इथे कोकणासारखं निळं पाणी आणि पांढरी वाळू नाही. पाणी गढूळ, वाळू काळी. हे ऐकून पुष्कळ जण डुमसला नावं ठेवतात. मला मात्र ती काळी वाळू पाहून भरून आलं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाची झीज होऊन जी माती आणि जे जड कण नद्यांबरोबर वाहत येतात, तेच इथे पसरले आहेत. मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत आलेली तापी डुमस आणि हजिरा यांच्या मधून खाडीत शिरते. चांगदेवला पूर्णेला घेऊन, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला आणि प्रकाशाच्या मंदिरांना वळसा घालून ती शेवटी इथे येते. मी मुलांना तिथे उभं करून हे सगळं सांगितलं. भूगोलाच्या पुस्तकात नकाशावरची निळी रेघ त्यांनी पाहिली होती, तिचा शेवट त्यांनी पायाने तुडवला.

आता कामाच्या गोष्टी. खंबातच्या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र कुठे गेला असं वाटतं आणि भरतीला झपाट्याने परततं. निघण्याआधी मोबाइलवर भरतीची वेळ पाहा आणि भरतीच्या आसपास पोचा, म्हणजे लाटा दिसतील. पोहायला उतरू नका. ओहोटीत चिखलावर लांब चालत जाऊ नका. गाडी वाळूवर नेऊ नका, ती रुतते आणि पाणी वाट बघत नाही. उंट-घोड्याचे पैसे बसण्याआधी ठरवा. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर रेंगाळू नये, आणि ते इंटरनेटवरच्या भुताच्या गोष्टींसाठी नव्हे, तर दिवे कमी असतात म्हणून. दर्या गणेशाच्या देवळात जाऊन या. आणि डुमसला येऊन टोमॅटोची भजी न खाता परतू नका: टोमॅटोची चकती, तिच्यावर हिरवी चटणी, वरून बेसन. गरम असतानाच खा.

गर्दी नकोशी असेल तर हजिऱ्याकडचा सुवाळी किनारा आहे. रोची जहाजं लागली ती हीच जागा. तिथे सोयी कमी, पाणी-खाणं बरोबर न्या. आणि एक गंमत लक्षात ठेवा, जळगाव-धुळ्यातून जाणारा आपला ५३ क्रमांकाचा महामार्ग सुरू होतो तो याच हजिऱ्यापासून. जहाजात बसायची हौस असेल तर हजिरा ते घोघा अशी रो-रो बोट, म्हणजे गाड्याही नेणारी बोट आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली, साधारण चार तासांचा प्रवास. वेळापत्रक हवामानावर बदलतं, तिकीट आधी काढा. आम्ही मायमुळे गेलो नाही.

वेळ असेल त्यांनी दांडीला जावंच. सुरतेहून नवसारीमार्गे दीड तासाच्या आसपास. ६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी मीठ उचललं तो किनारा. २०१९ मध्ये तिथे मोठं स्मारक झालं, गांधीजींबरोबर चालणाऱ्या सत्याग्रहींचे पुतळे रांगेने उभे केले आहेत. आम्हा अमळनेरकरांना त्या जागेचं जास्तच वाटतं. साने गुरुजी आमच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि याच १९३० च्या हाकेला नोकरी सोडून ते चळवळीत उतरले. ज्या शाळेतून ते बाहेर पडले तिच्या अंगणात मी खेळलो आहे.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगणं अवघड आहे. सकाळी लोचो, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचा मऊ वाफवलेला पदार्थ, वरून तेल किंवा बटर, शेव, कांदा. तिखट हवं असेल तर आधीच सांगा, कारण आपल्या शेवभाजीवर वाढलेल्या जिभेला सुरती चव गोडसर लागते. डिसेंबर ते फेब्रुवारीत गेलात तर पोंक चुकवू नका. आपल्या हुरड्यासारखाच ज्वारीचा कोवळा दाणा, पण ते लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. पोंकवडेही मिळतात. संध्याकाळी रांदेरला जाऊन आलूपुरी खा, आणि ब्रह्मदेशाशी व्यापार करणाऱ्या सुरतकरांबरोबर आलेलं खावसा, म्हणजे नारळाच्या रश्शातल्या नूडल्स. रांदेर हे सुरतेपेक्षाही जुनं गाव आहे, तिथल्या गल्ल्यांतली लाकडी घरं चालत बघा. घारी ही इथली खव्याची मिठाई तुपात न्हालेली असते, एकाने एक संपवणं कठीण, तेव्हा आधी एकच घेऊन वाटून खा आणि आवडली तरच डबा बांधून घ्या.

खरेदीबद्दल. रिंगरोडची बहुतेक कापड मार्केटं घाऊक व्यापाराची, एक-दोन साड्यांसाठी कोणी दारात उभं करत नाही. किरकोळ साड्यांसाठी बॉम्बे मार्केट, बाकी सटरफटर खरेदीला चौटा बाजार. रविवारी घाऊक मार्केटं बंद असतात. सोमवारी विज्ञान केंद्र आणि संग्रहालयं बंद, म्हणून फिरण्यासाठी मंगळवार ते शनिवार धरा. दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत तर सगळं शहरच सुट्टीवर असतं. संक्रांतीच्या आसपास दुचाकीवर फिरू नका, मांजा गळ्याला लागतो. महिधरपुऱ्याच्या गल्लीत व्यापारी रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुड्यांतले हिरे पारखताना दिसतील. जरूर बघा, पण विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी गुजरातेत दारूबंदी आहे हे ध्यानात ठेवावं, नवापूर सीमेवर तपासणी होते. परतताना बारडोलीत तासभर थांबून स्वराज आश्रम पाहा, १९२८ चा शेतकऱ्यांचा सत्याग्रह सरदार पटेलांनी तिथूनच चालवला. रेल्वेने येणाऱ्यांनी परतीचं आरक्षण जातानाच करून घ्यावं. लग्नसराईत आणि गणपती-दिवाळीला उधन्याहून खानदेशाकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि साड्यांचे गठ्ठे घेऊन जनरल डब्यात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.