बाजूच्या सीटवरच्या माणसासाठी

मागच्या वर्षी एका रविवारी आमच्या मोटार क्लबच्या भेटीला फक्त ६ गाड्या आल्या. यादीत नावं ४८. हजेरीची वही माझ्याकडे असते, म्हणून ही घसरण मला आधीपासून दिसत होती: २८, २१, १५, ९ आणि आता ६. त्या दिवशी समितीतले दोघेतिघे म्हणाले, लोकांना आता गाड्यांची आवडच राहिली नाही. मला ते अजिबात पटलं नाही. कारण त्याच न येणाऱ्या माणसांचे मला रात्री नऊ वाजता फोन येत असत: चावी फिरवली की नुसतं टकटक होतं, बॅटरी गेली की स्टार्टर? आवड जागच्या जागी होती.

मग तीन संध्याकाळी बसून मी सगळ्यांना फोन लावले. एक जण म्हणाले, "ताई, येऊन करायचं काय? गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, त्याच गाड्या बघायच्या आणि अकराला परत." दुसरे जरा चाचरत म्हणाले, "बायको येत नाही म्हणते. तुम्ही बोलत बसता, मी मोबाइल बघत बसते." हे दुसरं वाक्य मला लागलं, कारण मी या क्लबात आले तीच बाजूच्या सीटवरून. पहिलं वर्षभर नवऱ्यासोबत यायचे आणि हातांचं काय करावं ते कळायचं नाही.

म्हणून पुढचा कार्यक्रम मी त्या सीटसाठी आखला. टीएसडी रॅली, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ. यात शर्यत नसते. ठरलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या सेकंदाला नाक्यावर, म्हणजे वेळ नोंदवतात त्या ठिकाणी, पोचायचं. नाके कुठे आहेत ते आधी सांगत नाहीत. उशीर झाला तर गुण कापले जातात, लवकर पोचलात तरी कापले जातात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६०० मीटर. मग ४.२ किलोमीटरवर बरोबर ७ मिनिटं झालेली असायला हवीत. हा हिशेब चालवणाऱ्याला जमत नाही, त्याचे डोळे रस्त्यावर हवेत. तो बाजूच्या माणसानेच करायचा. सरासरी मुद्दाम कमी ठेवायची, कुठेही वेगमर्यादेच्या जवळ जायची वेळ येऊ नये इतकी.

मार्ग कागदावर ट्युलिप चित्रांनी दिला होता. ठिपका म्हणजे आपण, बाण म्हणजे जायची दिशा, शेजारी अंतर. नेदरलँड्समधल्या ट्युलिप रॅलीवरून हे नाव पडलं. पद्धत इतकी सोपी की दहा मिनिटांत कुणालाही येते. खरी मेहनत आधीची. मी तो रस्ता दोनदा मोजला, दुसऱ्यांदा त्याच वारी, त्याच वेळी, म्हणजे गर्दी कुठे होते ते कळावं. पहिला १० किलोमीटरचा टप्पा फक्त ओडोमीटर, म्हणजे गाडीतला अंतर दाखवणारा आकडा, जुळवायला सोडला. माझ्या मोजणीच्या १० ला कुणाच्या गाडीत १०.३ दिसतात, कुणाच्या ९.८. तो फरक पुढे प्रत्येक आकड्याला लावावा लागतो. हे केलं नाही तर पहिल्या तासातच लोक वैतागतात, आणि वैतागलेला सभासद पुन्हा येत नाही.

१९ गाड्या आल्या. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका चाळीस वर्षांची गाडी घेऊन आले, बाजूला तेरा वर्षांची नात. दुसऱ्या नाक्यावर मी उभी होते. खिडकी उघडी होती आणि ती पोरगी स्टॉपवॉच छातीशी धरून सांगत होती, "आजोबा, पाच सेकंद लवकर आहोत. हळू. आणखी हळू. हं, आता जाऊ द्या." काका एक शब्दही न बोलता तिचं ऐकत होते. ते तिसरे आले. क्लबातली सगळ्यात ताकदवान गाडी अकरावी आली.

मला या निमित्ताने बर्था बेंझ आठवत राहते, मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता, दोन किशोरवयीन मुलांना घेऊन, ती जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर १०० किलोमीटरच्या आसपास. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेने मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, ब्रेकला चांभाराकडून चामडं लावून घेतलं, आणि चढावर गाडी ढकलावी लागली. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो सांगितला जातो, आणि त्यात कुणीही नुसतं बसून नव्हतं.

सगळंच जमलं असं नाही. २८० किलोमीटरची एकत्र सहल काढली आणि पहिल्याच मोठ्या चौकात तिचे तीन तुकडे झाले. प्रत्येक जण पुढची गाडी पकडायला धावत होता. आता आमचा नियम उलटा आहे: लक्ष मागच्या गाडीवर ठेवायचं. वळण घेण्याआधी ती आरशात दिसेपर्यंत थांबायचं. तेवढ्याने प्रश्न सुटला.

टायरची संध्याकाळ मात्र एकही मैल न चालवता रंगली. फक्त टॉर्च, फडकं आणि हवेचा गेज आणायला सांगितलं होतं. टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेलेली असली की स्टिअरिंग पूर्ण वळवून गुडघ्यांवर बसावं लागतं. एका सभासदाने फडक्याने चिखल पुसला, टॉर्च धरला आणि मोठ्याने वाचलं: "३, १, १, ३." २०१३ चा एकतिसावा आठवडा. वरची नक्षी अजून जाड होती, म्हणून त्यांना ते टायर चांगलेच वाटत होते. पण खोबणीच्या तळाशी बारीक भेगांचं जाळं पसरलेलं होतं. दर आठवड्याला ते त्या टायरांवर मुलांना घेऊन जात होते. ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. पुढच्या भेटीला चारही टायर नवे होते, आणि त्यांनी शेजाऱ्यालाही सोबत आणलं होतं. तो आता सभासद आहे.

बॉनेटवर उथळ थाळी, थाळीत टेनिसचा चेंडू, आणि रिकाम्या मैदानात रस्त्यावर ठेवतात तसल्या शंकूंमधून गाडी न्यायची, हाही खेळ आवडला. चेंडू पडला की कळतं, ब्रेक किती झटक्याने दाबतो आपण.

माझ्या मनात सगळ्यात घर करून राहिला तो कागदांचा दिवस. गाडी धुवून आणू नका, तिचे कागद आणा, असं सांगितलं होतं: जुनी बिलं, सर्व्हिसची पुस्तकं, काहीही. चार वर्षांत भेटीला येऊन क्वचितच तोंड उघडणारा एक सभासद वडिलांची वही घेऊन आला. प्रत्येक वेळी भरलेलं इंधन, लिटर, किलोमीटर, सगळं निळ्या शाईत, रेघा आखून. मधेच एका ओळीत लिहिलं होतं, "आज मुलाने चालवली. क्लचवरून पाय काढत नाही." त्याने ती ओळ आम्हाला वाचून दाखवली आणि मग तासभर बोलत राहिला.

पुढच्या रॅलीचा मार्ग तो मोजतो आहे. काल त्याने पाठवलेल्या कागदावर ५२ वळणं होती, प्रत्येकापुढे अंतर, आणि सगळं रेघा आखून.