आधी वजन की आधी ऑपरेशन?

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावर जायला लागलं. सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर १४ मिलिमीटर निघालं. पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल आणि अस्तर ४ च्या वर असेल तर तुकडा तपासायला पाठवतातच. माझाही पाठवला. कॅन्सर, ग्रेड १, म्हणजे सावकाश वाढणारा.

उंची पाच फूट, वजन ९८ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४२. गावातल्या सर्जननी फाईल मिटली आणि म्हणाले, "आधी पंधरा किलो उतरवा, मग बघू." सुनेने तिथेच विचारलं, "तोवर कॅन्सर थांबेल का?" त्यावर ते काही बोलले नाहीत. आम्ही फाईल उचलून पुणं गाठलं.

तिथल्या कॅन्सर सर्जन बाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, "काकू, एवढं वजन उतरायला वर्ष जाईल. आपण वजनासकटच करू, पण तयारीनं." पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, तरी चरबी इस्ट्रोजेन तयार करत राहते, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र नसतं, म्हणून अस्तर वाढत जातं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. 'खाणं कमी करा' हे आयुष्यभर सगळ्यांनी ऐकवलं, हे एकानेही सांगितलं नव्हतं.

गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन पोट उघडून केलं तर जाड चरबीत रक्तपुरवठा कमी, जखम पिकते, टाके उसवतात. दुर्बिणीतून केलं तर ते टळतं, पण पोटात गॅस भरून टेबल डोक्याकडे उतरतं करावं लागतं आणि पोटाचा सगळा भार फुप्फुसांवर येतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बीएमआय ४० च्या वर असलेल्या ५७ टक्के बायकांचं ऑपरेशन दुर्बिणीने सुरू होऊन शेवटी पोट उघडावंच लागलं होतं. बीएमआय २५ असलेल्यांत साडेसतरा टक्के. रोबो आल्यापासून हे प्रमाण बरंच खाली आलंय, म्हणून माझ्यासाठी रोबो, म्हणजे दुर्बिणीचंच ऑपरेशन, पण सर्जन यंत्राचे हात चालवून करतात ते. खर्च वाढला, पण त्यावर घरात वाद झाला नाही.

सर्जनपेक्षा जास्त वेळ घेतला तो भूलतज्ज्ञांनी. मान टेपने मोजली, तोंड उघडायला लावलं, घोरण्याबद्दल विचारलं. मला विचारून काय उपयोग? ह्यांना विचारलं, तर ते नको तेवढं सविस्तर सांगत बसले. झोपेची तपासणी झाली, श्वास अडकतो हे निघालं आणि रात्री मास्कचं मशीन लावायला लागले. तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा, हेही शिकले. शुगर इन्सुलिनवर आणली. पोटाच्या घडीखाली ओल राहते, तिथे जंतू वाढतात. ती जागा रोज धुऊन कोरडी ठेवायला सांगितलं.

टेबल झुकवल्यावर श्वासाचा दाब सहन होतोय का, हे बघूनच सर्जन बाईंनी पुढे हात घातला, असं नंतर कळलं. ऑपरेशन रोबोनेच पूर्ण झालं. एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. कॅन्सर पसरलाय का हे ज्यांत तपासतात त्या लसिकाग्रंथी ओळखायला हिरवा रंग टोचतात, तो उजवीकडे दिसला, डावीकडे दिसलाच नाही. वजन जास्त असलं की असं जास्त वेळा होतं म्हणे. मग त्या बाजूच्या ग्रंथी सरसकट काढाव्या लागल्या, आणि त्यामुळे पायाला सूज येतेय का यावर अजून लक्ष ठेवायचं आहे.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच चालवलं. घट्ट मोजे, आणि पोटात रोजचं इंजेक्शन चार आठवडे. ते सुनेने दिलं, आमची नर्स आता घरातच आहे.

रिपोर्ट पहिल्या टप्प्याचा आला, रेडिएशन लागलं नाही. मी सुटले असं वाटत असतानाच बाईंनी हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी हातात दिली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायकांना पुढे कॅन्सरपेक्षा हृदयविकाराचाच धोका जास्त असतो. पुढच्या आठवड्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी आहे. भाड्याने आणलेलं मास्कचं मशीन परत करायचं होतं, ते विकतच घेतलं.