इंदूरहून लष्करला, दोन राजधान्यांच्या वाटेने

ग्वाल्हेरला जायचे म्हटले की आम्ही इंदूरकर सहसा रात्रीची गाडी धरतो. या वेळी मात्र मी मुद्दाम दिवसा, आग्रा–मुंबई रस्त्याने निघाले. ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर भागात माझी आत्याआजी राहते. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, आधी इंदूरच्या होळकर सरकारात आणि १९४८ नंतर मध्य भारताच्या सचिवालयात कारकून होते. त्या नव्या राज्याला दोन राजधान्या होत्या, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, आणि सरकारबरोबर पणजोबांनाही दर वर्षी दोनदा मुक्काम हलवावा लागे. सुमारे पाचशे किलोमीटरचे हे अंतर मला एकदा डोळ्यांनी पाहायचे होते.

पहिला तास सरत नाही तोच देवास लागते. या एका गावात पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन स्वतंत्र संस्थाने नांदत होती. तिथून पुढे शाजापूर, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा जिल्हा. इंदूर सोडल्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर झाले होते आणि जुन्या हिशेबाने मी तिसऱ्या सत्तेच्या हद्दीत पोहोचले होते. पहिल्या बाजीरावांनी माळव्याचा महसूल होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात वाटून दिला, तेव्हा सलग मुलूख कोणाच्याच वाट्याला आला नाही. म्हणून इंदूरपासून पंचावन्न किलोमीटरवरचे उज्जैन शिंद्यांचे राहिले, तर पार उत्तरेकडचे भानपुरा होळकरांचे. एकमेकांत इतके गुंतलेले शेजारी भांडले नसते तरच नवल होते. १७९३ मध्ये लाखेरीला शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांचा पराभव केला. १८०१ च्या जुलैमध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज मोडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दौलतराव शिंद्यांच्या सैन्याने इंदूर जिंकून लुटले. पानिपतावरचा पराभव आपण पिढ्यान्‌पिढ्या आठवत आलो. पण एकाच पेशव्यांच्या या दोन सरदारांनी एकमेकांची शहरे उजाड केली, ही गोष्ट मराठी घरांत हलक्या आवाजात सांगितली जाते, आणि मला ती पानिपताइतकीच सलते.

ब्यावरा आणि गुणा मागे पडले. शिवपुरीला थोडी थांबले. शिंद्यांची उन्हाळी राजधानी असलेल्या या गावात त्यांच्या संगमरवरी छत्र्या आहेत. उन्हाळ्यासाठी दरबार हलवण्याची सवय ग्वाल्हेरला जुनीच होती. १९४८ नंतर फरक पडला तो एवढाच, की उन्हाळ्याचे ठिकाण शेजाऱ्याच्या घरी गेले.

आणि हा फरक लहान नव्हता. २२ एप्रिल १९४८ रोजी माळवा आणि ग्वाल्हेरकडच्या संस्थानिकांनी विलीनीकरणाचा करार केला आणि २८ मे रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारताचे उद्घाटन झाले. पंचवीस संस्थाने त्यात आली होती, पण खरा प्रश्न दोघांचाच होता. ग्वाल्हेरचा विस्तार सुमारे २६ हजार चौरस मैल, तर इंदूरचा १० हजारांच्या आत. ग्वाल्हेर मोठे, तर इंदूर गिरण्यांचे आणि व्यापाराचे. ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे राज्याचे प्रमुख झाले आणि इंदूरचे तेव्हाचे महाराज, आधीच्या यशवंतरावांचेच नाव असलेले यशवंतराव होळकर, उपराजप्रमुख. राज्य सोडल्याबद्दल महाराजांना मिळणारा ग्वाल्हेरचा वार्षिक तनखा पंचवीस लाख ठरला, इंदूरचा पंधरा लाख. उच्च न्यायालय ग्वाल्हेरला बसले आणि त्याचे खंडपीठ इंदूरला. प्रत्येक गोष्ट अशी तागडीत घालून तोलली गेली. राजधानीचे मात्र वजन करता येईना, म्हणून ऋतूंप्रमाणे तिची वाटणी झाली.

संध्याकाळी लष्करला पोहोचले. आत्याआजीने दारातच विचारले, “आलीस का होळकरांच्या राज्यातून?” ती स्वतः इंदूरचीच, लग्न होऊन इथे आली. तरी माहेराला ती अजून ‘होळकरांचे राज्य’ म्हणते.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मोती महाल पाहायला गेले. मध्य भारताची विधानसभा इथेच भरत असे. भिंतीचा आधार घेत ती सांगत होती, “दप्तराचे बस्ते बांधायला लागले की बाबा गप्प होत. आई लोणच्याची बरणी, अंथरूण आणि उबदार कोट काढून ठेवी. इथली थंडी त्यांना सोसत नसे.” मी विचारले, “आणि इथले लोक इंदूरला येत, त्यांचे काय?” “ते आमच्याकडे जेवायला येत. तिथूनच तर माझं लग्न जमलं. सासरे बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसत.”

राजधानी अशी वर्षातून दोनदा हलवणे खर्चिक होते, कामाचा खोळंबा होई, हे खरेच आहे. तरीही त्या व्यवस्थेला केवळ हट्टाची तडजोड म्हणायला माझे मन तयार होत नाही. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे ज्या वाटेवरून तोफा गेल्या, तिच्यावरून लाल फडक्यात बांधलेले कागद जाऊ लागले आणि इंदूरचा कारकून ग्वाल्हेरच्या कारकुनाशेजारी बसून एकाच राज्याचा हिशेब लिहू लागला. दोन्ही राजांच्या सह्यांनी करार झाला, पण शेजार जुळला तो या टेबलांवर, असे मला वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. त्यातही जुना तोल सुटला नाही. लोकसेवा आयोग इंदूरला आला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला गेले आणि जबलपूरच्या उच्च न्यायालयाची खंडपीठे दोन्हीकडे बसली. विद्यापीठेसुद्धा दोन्ही शहरांना एकाच वर्षी, १९६४ मध्ये मिळाली.

निघताना आत्याआजीने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढायला लावली. पणजोबा गेल्यावर ती तिच्याकडे आली होती. झाकणावर पांढऱ्या रंगात एका खाली एक ‘इंदूर’ आणि ‘ग्वाल्हेर’ लिहिलेले होते. मी भोपाळबद्दल विचारले, तर ती म्हणाली, “बाबा तिकडे गेलेच नाहीत. दोन वर्षं उरली होती, ती त्यांनी इंदूरच्या कचेरीत मागून घेतली.” आता ती ट्रंक माझ्या गाडीत होती, आणि शिवपुरीपर्यंत खड्डा आला की तिची कडी वाजत होती.